सरासरीइतका माल आणू नका

‘तुमच्या दुकानाला एआयची जोड द्या’ अशा जाहिराती हल्ली छोट्या दुकानदारांच्या मोबाइलवर सतत येऊन आदळतात. त्यातून एक समज पक्का होत चालला आहे: डेटाचं विश्लेषण म्हणजे लाखो नोंदी, महागडं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा इंजिनिअर. हा समज मला फार खटकतो. रोज नासणारा माल विकणाऱ्याला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न एकच असतो, ‘उद्या किती आणू?’ त्याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते वही-पेन्सिलीने सुटतं.

1888 साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने असाच प्रश्न बँकेसाठी सोडवला होता: ठेवीदार कधीही पैसे मागायला येतील, तर रोकड किती हाताशी ठेवावी? 1951 मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मालाच्या साठ्याचं गणित नीट मांडलं. आज व्यवस्थापनाच्या वर्गात हा प्रश्न पेपरविक्रेत्याच्या नावाने शिकवतात. आपण मात्र गजरेवाल्या मावशींचा धंदा घेऊ.

समजा, गजरा 5 रुपयांना पडतो, 20 रुपयांना विकला जातो आणि रात्री उरलेला टाकून द्यावा लागतो. पंधरा दिवसांची मागणी चढत्या क्रमाने लावली तर अशी दिसते: 22, 25, 26, 28, 30, 31, 32, 34, 35, 36, 38, 41, 44, 48, 55. सरासरी बरोबर 35. मग रोज 35 गजरे आणावेत का?

इथेच खरी गंमत आहे. एकूण किती आणायचे याचा विचार बाजूला ठेवा आणि एकेका गजऱ्याला विचारा, ‘तुला आणून परवडेल का?’ 41वा गजरा घ्या. मागणी 41 किंवा जास्त असेल त्याच दिवशी तो खपणार. असे दिवस पंधरापैकी 4. त्या चार दिवशी प्रत्येकी 15 रुपये नफा, म्हणजे 60 रुपये. उरलेले 11 दिवस तो पडून राहणार, दर वेळी 5 रुपये बुडणार, म्हणजे 55. हातात 5 रुपये उरतात, तर आणावा. आता 42वा. तो 3 दिवस खपेल, 45 रुपये मिळतील. 12 दिवस पडून राहील, 60 रुपये जातील. नको. उत्तर 41.

हेच एका गुणोत्तरात मांडता येतं. माल कमी पडला तर एका नगामागे हुकणारा नफा म्हणजे तुटीचा तोटा. माल उरला तर एका नगामागे बुडणारी रक्कम म्हणजे उरल्याचा तोटा. उरलेला नग पडेल भावाने खपत असेल, तर ती किंमत यातून वजा करायची. तुटीच्या तोट्याला दोन्ही तोट्यांच्या बेरजेने भागा. इथे 15 भागिले 20, म्हणजे 0.75. चढत्या यादीत तीन चतुर्थांश वाट चालून जा, जिथे पोचाल तेवढा माल आणा. पंधराचे तीन चतुर्थांश सव्वाअकरा, म्हणून बारावी नोंद: 41.

आता मागणीचे तेच आकडे लादीपावाला लावून पाहा. लादी 20 ला घेऊन 25 ला विकायची आणि उरलेली वाया जाते असं धरलं, तर गुणोत्तर 5 भागिले 25, म्हणजे 0.2. यादीतली तिसरी नोंद, 26! ग्राहक तेच, सरासरीही तीच 35, पण गजरे 41 आणायचे आणि लाद्या 26. सरासरी 35 लाद्या आणल्या तर पंधरा दिवसांत 1325 रुपये सुटतात, 26 आणल्या तर 1825.

उलटी चूकही होते. ‘काही उरायला नको’ म्हणून मावशींनी रोज 28च गजरे आणले, तर पंधरा दिवसांचा नफा 6080 रुपये. 41 आणले तर 6945. फेकलेला गजरा डोळ्यांना दिसतो. परत गेलेलं गिऱ्हाईक वहीत कुठेच येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 40 आणले तर नफा 6940, 42 आणले तर 6930. नफ्याचा हा डोंगर माथ्यावर जवळजवळ सपाट असतो. शिखराच्या आसपास पोचलं तरी पुरतं. गूगल शीट्समधलं पर्सेंटाइलचं सूत्र, म्हणजे चढत्या यादीत ठरावीक वाट चालून आकडा सांगणारं सूत्र, दोन नोंदींच्या मधलं मूल्य काढून 39.5 सांगेल, तेही चालेल. एवढ्या निर्णयासाठी दशांशांपर्यंत अंदाज बांधणारी यंत्रणा दरमहा भाडं भरून घ्यायची गरज नाही.

खरी अडचण निराळीच आहे. बिलिंगचं ॲप विक्री नोंदवतं, मागणी नाही. 30 गजरे साडेसहालाच संपले, तर ॲपमध्ये 30 दिसतात. त्यानंतर विचारून गेलेल्यांचा हिशोब नाही. त्या आकड्यावर विसंबून उद्या कमी आणलं की विक्री आणखी घटते, मग परवा त्याहून कमी. या घसरगुंडीतून सुटायला वहीत एक रकाना वाढवा: माल कधी संपला. ज्या दिवशी माल उरला, त्या दिवसांवरून साडेसहापर्यंत साधारण किती विक्री होते ते पाहा. ती दिवसाच्या तीन चतुर्थांश असेल, तर 30 गजरे म्हणजे खरी मागणी 40च्या आसपास.

दुसरा रकाना दिवसाचा आणि तिथीचा. धंदा बसला की नजर लागली म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधतात. त्याने मागणी हलत नाही, आणि कोणाला पटत नसेल तर बांधल्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडावेत. गिऱ्हाइकाच्या पंचांगाने मात्र मागणी खरोखर हलते. संकष्टीला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी फुलं वेगळ्याच गतीने खपतात. त्या दिवसांचे आकडे रोजच्या यादीत मिसळले की दोन्हीकडचा अंदाज चुकतो, म्हणून त्यांची यादी वेगळी ठेवायची. मार्गशीर्षात गुरुवार चार, फार तर पाच. एका वर्षाच्या नोंदींवर ती यादी उभी राहत नाही, तेव्हा गेल्या वर्षीची वही जपून ठेवा.