कार्निव्हलची तारीख कोण काढतं?

2023 साली गोव्याचा कार्निव्हल सुरू झाला तो नेमका महाशिवरात्रीला, 18 फेब्रुवारीला. 2026 मध्ये कार्निव्हल 14 ते 17 फेब्रुवारी आणि महाशिवरात्र 15 ला. सकाळी देवळात अभिषेकाची रांग, संध्याकाळी चित्ररथांची मिरवणूक आणि दिवसभर वाहतुकीचा बोजवारा, याचं गोव्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. पण ही जोडी जमते ती चंद्रामुळे.

महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे अमावास्येच्या तोंडावर. कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी येतो; दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार आणि तिथून उपवासाचा काळ. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्या पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेलं की अमावास्या लागते, म्हणून कार्निव्हलही दरवर्षी अमावास्येला धरूनच येतो. 19 सौर वर्षांत 235 चांद्रमास बसतात हे पंचांगकर्त्यांना ठाऊक होतं, तसंच चर्चलाही. दोघंही 19 वर्षांत साधारण 7 महिने जादा घालतात. फक्त घालायची वर्षं नेहमी जुळत नाहीत. 2023 ला अधिक श्रावण आला, म्हणून पुढच्या वर्षी कार्निव्हल 13 फेब्रुवारीला आटोपला आणि महाशिवरात्र थेट 8 मार्चला उगवली.

विज्ञान आणि ख्रिस्ती धर्म म्हटलं की आपल्याकडे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हणणाऱ्या गॅलिलिओचा खटला निघतो आणि तिथेच चर्चा संपते. खटला खराच, 1633 मध्ये झाला आणि चर्चला त्याचं समर्थन करता येत नाही. पण याच चर्चला दर वर्षी ईस्टरची तारीख हवी असे आणि ती बायबलमध्ये सापडत नाही. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञाकडेच जावं लागतं. माझ्या मते या नात्याचा मोठा भाग श्रद्धेच्या वादांपेक्षा या गरजेने घडवला आहे.

चर्च तेव्हा वापरत असलेल्या जुन्या दिनदर्शिकेचं, म्हणजे ज्युलियन, वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं होतं. 128 वर्षांत एक दिवस, असं साचत साचत सोळाव्या शतकात वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याची वेळ, 21 ऐवजी 11 मार्चच्या सुमारास येऊ लागला. तेरावा ग्रेगरी या पोपने 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर जाहीर केला. मूळ योजना लुइजी लिलिओ या वैद्याची, आणि ती तपासून उचलून धरणारा क्लावियस हा जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातला गणिती. त्याचाच विद्यार्थी माटेओ रिची 1578 मध्ये गोव्यात उतरला होता; पुढे तो चीनमध्ये गेला आणि तिथे त्याचं गणितच जास्त कामी आलं.

दिनदर्शिका सुधारली, पण संपात खरोखर कधी होतो हे मोजायला प्रचंड मोठं उपकरण हवं होतं. उंच छत, आत अंधार, न हलणाऱ्या भिंती. हे सगळं चर्चच्या इमारतीत आयतं होतं! इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये सुमारे 27 मीटर उंचीवर एक भोक ठेवलं आणि फरशीवर सुमारे 67 मीटर लांबीची दक्षिणोत्तर रेषा आखली. रोज माध्यान्ही सूर्याचा लंबगोल कवडसा ती रेषा ओलांडतो. उन्हाळ्यात भिंतीच्या बाजूला, हिवाळ्यात दूर.

कासिनीने या कवडशाचा आकारही मोजला. सूर्य आकाशात जानेवारीत जरा भरभर सरकतो, जुलैत संथ. जुन्या मताप्रमाणे त्याची गती कायम सारखीच. जानेवारीत तो जवळ असतो म्हणून नुसता वेगवान भासतो. तसं असेल तर बिंबही गतीइतक्याच प्रमाणात लहानमोठं दिसायला हवं. मोजल्यावर बिंबातला फरक निम्माच भरला. म्हणजे उरलेला निम्मा फरक खऱ्या गतीतला. खगोलशास्त्रज्ञ केप्लर हेच सांगत होता, आणि केप्लर पडला प्रोटेस्टंट. यातून पृथ्वी फिरते हे काही सिद्ध झालं नाही. तरीही गॅलिलिओच्या खटल्यानंतर अवघ्या 22 वर्षांनी, पोपच्याच राज्यातल्या एका चर्चमध्ये, केप्लरच्या बाजूचा पुरावा जमिनीवर पडत होता.

एक गंमत मात्र अजून शिल्लक आहे. चर्चची पौर्णिमा आकाशात पाहून ठरत नाही, कोष्टकावरून ठरते. 2019 मध्ये वसंतसंपात आपल्या वेळेप्रमाणे 21 मार्चच्या पहाटे झाला आणि पौर्णिमा त्याच सकाळी सव्वासातच्या सुमारास. आकाशाच्या हिशेबाने ईस्टर 24 मार्चला यायला हवा होता. कोष्टकाने ती पौर्णिमा 20 तारखेलाच उरकली, म्हणून ईस्टर 21 एप्रिलला आला. आपल्याकडे जुन्या ग्रंथावरून चालणाऱ्या सूर्यसिद्धांती आणि प्रत्यक्ष आकाशाशी जुळवलेल्या दृक् पंचांगांचे तिथीवरून खटके उडतात, त्यातलाच हा प्रकार.

1963 मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने असंही म्हणून ठेवलं आहे की इतर चर्चेस तयार असतील तर ईस्टर एका ठरावीक रविवारी साजरा करायला हरकत नाही. तसं झालं तर कार्निव्हलच्या तारखा जवळजवळ पक्क्या होतील आणि गोव्यातले हॉटेलवाले खूश होतील. महाशिवरात्रीशी गाठ मग कधीतरीच पडेल.