एअर रायफलचा गंज, उडालेले ब्लूइंग आणि एक जुना वाद

जुन्या एअर रायफलच्या नळीवर तांबूस ठिपके दिसले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, स्टील वूलने (पोलादाच्या बारीक तारांच्या गुंत्याने) घासा आणि कोल्ड ब्लू, म्हणजे पोलाद न तापवता काळे करणारे बाटलीतले द्रावण, लावा. दुसरा, अजिबात घासू नका, तेल लावून आहे तशी ठेवा. दोन्ही बाजू सारख्याच हट्टी असतात. हा हट्ट निव्वळ आवडीनिवडीचा नाही. पोलादावर काळा थर चढवायच्या पद्धती कशा बदलत गेल्या आणि त्यातली कोणती एअर रायफलच्या वाट्याला आली, हे पाहिले की तो बराचसा उलगडतो.

ब्लूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला हा काळा थर, मुळात आवरलेला गंजच. तांबडा गंज सुटा आणि सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, पृष्ठभागाला घट्ट बसतो. कारागिरांनी हा फरक रसायनशास्त्राची वाट न पाहता ओळखला होता. १८व्या शतकात आणि १९व्याच्या सुरुवातीला अनेक बंदुकांच्या नळ्या तपकिरी असत. नवसागर, मोरचूद अशा पदार्थांचे द्रावण पुसून मुद्दाम गंज आणायचा, सुटा भाग झाडायचा, पुन्हा गंज आणायचा. तोच गंजलेला तुकडा उकळत्या पाण्यात धरला की थर काळा पडतो, हे कळल्यावर तपकिरीची जागा रस्ट ब्लूने घेतली. जोडीला स्क्रू आणि पिना तापवून निळ्या करण्याची रीत होती. साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर तो देखणा निळा रंग येतो. थर मात्र इतका पातळ की बोटांनी वारंवार हाताळल्यावरही फिका पडतो.

रस्ट ब्लू चांगला, पण वेळखाऊ. ओलसर पेटीत काही तास गंजवणे, डिस्टिल्ड पाण्यात उकळणे, मऊ तारांच्या ब्रशने झाडणे, आणि हे सगळे पाच-सहा वेळा तरी. एका नळीला काही दिवस सहज लागतात. कारखान्याला हे परवडणे शक्य नव्हते.

खरी उलथापालथ झाली १९३० ते १९५० या काळात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचे दाट द्रावण टाकीत १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवायचे आणि चकचकीत पॉलिश केलेले भाग त्यात बुडवायचे. पाण्यात एवढे क्षार विरघळले की त्याचा उत्कलनबिंदू चढतो. जसजसे पाणी उडते तसतसे तापमान आणखी वर जाते, म्हणून टाकीपाशी उभा असलेला कामगार तापमापकावर नजर ठेवून थोडे थोडे पाणी सोडत राहतो. एकदम जास्त पडले तर उकळते कॉस्टिक अंगावर उडते. अर्ध्या तासाच्या आसपास नळ्यांची अख्खी रांग काळीभोर होऊन बाहेर येते. दिवसांचे काम तासांवर आले आणि बंदुकीचा 'मूळ रंग' म्हणून आज ज्याच्यावर लोक जीव टाकतात, तो बहुतेक वेळा याच टाकीतला असतो.

या वेगाची किंमतही होती. कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळते. शिसे-कथलाचा डाखही या टाकीत टिकत नाही, म्हणून डाख दिलेल्या दुनळी बंदुका आजही रस्ट ब्लूच मागतात. आणि एक गोष्ट फार कमी बोलली जाते. फटीत, जोडात, आट्यांमध्ये शिरलेले क्षार नीट धुतले गेले नाहीत तर नंतर पांढरट भुकटी होऊन बाहेर झिरपतात आणि तिथेच गंज धरतो. माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, खाचेभोवती किंवा नळी जिथे ठोकळ्यात बसते त्या रेषेवर गंजाची बारीक कड दिसली, तर मालकाच्या निष्काळजीपणाला दोष देण्याआधी हे आठवावे.

एअर रायफल या सगळ्यात उशिरा आणि थोडी बाजूने आली. १९व्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी पत्र्याच्या हवाई बंदुका निघाल्या, त्यांना बहुधा निकेलचा मुलामा असे. मोठ्यांच्या स्प्रिंग-पिस्टन रायफली, म्हणजे स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवा दाबणाऱ्या, २०व्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्लू केलेल्या मिळू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर टाकीतले ब्लूइंग सर्रास झाले, तेव्हा तेच त्यांच्याही वाट्याला आले. थराची जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढा थर स्वतः गंज थोपवत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि थोपवायचे काम तेल करते. जुन्या पिढीला हे माहीत होते, कारण त्यांच्या रस्ट ब्लूला तेल पाजल्याशिवाय काम संपतच नसे. टाकीतल्या काळ्या झळाळीने मात्र रंग म्हणजेच संरक्षण, असा समज पसरवला.

बारुदाच्या बंदुकीत नळीचा गंज बहुधा आतून सुरू व्हायचा. काडतूस पेटवणाऱ्या जुन्या प्रायमरमधले क्लोरेट जळून मागे क्षार उरायचा आणि तो हवेतली ओल ओढायचा. एअर रायफलमध्ये तसले काही जळत नाही. इथे गंज बाहेरून येतो, आणि बहुतांशी हातातून. नळी मोडून भरायच्या रायफलमध्ये प्रत्येक छर्‍यासाठी नळीचे टोक मुठीत धरून खाली ओढावे लागते. घामातले मीठ नेमके तिथेच बसते. त्यामुळे टोकाजवळ चार बोटे आणि तळवा यांच्या खुणा ओळखू याव्यात असे डाग पडतात आणि ब्लूइंगही तिथूनच आधी उडते. दुसरी जागा टोकावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखालची. तिसरी, फोमच्या पेटीला किंवा चामड्याच्या खोळीला टेकलेली बाजू. फोम ओल धरतो आणि कमावलेल्या चामड्यातली आम्ले, क्षार पोलादाला मानवत नाहीत. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की स्वच्छ पोलादही गंजायला लागते. मीठ लागलेल्या पोलादाला तेवढीही गरज नसते.

आता वादाकडे. कोल्ड ब्लूची बाटली घरोघर पोचली ती २०व्या शतकाच्या उत्तरार्धात. तिच्यातल्या द्रावणात बहुतेक वेळा सेलेनियमचे आम्ल, तांब्याचा क्षार आणि आणखी एखादे आम्ल असते. पोलादावर लावताच काळे पडते, पण तो काळा थर मॅग्नेटाइटचा नसून मुख्यतः कॉपर सेलेनाइडचा असतो. पोलादाचे रूपांतर होत नाही, वर काहीतरी बसते. म्हणून तो लवकर झिजतो, कडेने तांबूस दिसतो, हाताला विशिष्ट वास देतो आणि तेलही तितके धरत नाही. आम्ल नीट धुतले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी ताजा गंज उगवतो. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

एवढे दोष असून ती टिकली कशी? माझ्या मते याचे उत्तर रसायनात नाही, स्प्रिंगमध्ये आहे. टाकीतले ब्लूइंग पुन्हा करायचे तर रायफल पूर्ण सुटी करावी लागते. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय मागची पिन काढली तर दाबून बसवलेली स्प्रिंग अंगावर येते. पिस्टनचे सील आणि प्लॅस्टिकचे भाग काढावे लागतात. ज्या सिलिंडरमध्ये पिस्टन सरकतो त्याची आतली गुळगुळीत बाजूही कॉस्टिकमध्ये बुडते आणि नंतर तिथला क्षार काढत बसावे लागते. त्यात साध्या रायफलच्या मोलापेक्षा कामाची मजुरी चढ व्हायची. बाटलीला यातले काहीच लागत नव्हते. कोल्ड ब्लू गुणवत्तेवर जिंकला नाही, तो रायफल उघडावी लागत नाही म्हणून जिंकला.

न घासणाऱ्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांचा खरा राग बाटलीवर कमी आणि तिच्याआधीच्या पॉलिश पेपरवर जास्त असतो. खड्डे जाईपर्यंत घासले की कोरलेली अक्षरे पुसट होतात, धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगी पडते. गंज एकदा गेला की गेला, पण घासलेले पोलाद परत येत नाही. व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावणारेही असेच फसतात. गंज लोखंडाचा ऑक्साइड आणि ब्लूइंगही लोखंडाचाच ऑक्साइड, आम्ल दोन्ही सारख्याच तत्परतेने उतरवते. डागाभोवतीचा चांगला काळा रंग घटकाभरात राखाडी होतो.

या भांडणात तिसरा मार्ग मागे पडला, तो मला जास्त पटतो. ग्रीस-तेल पूर्ण काढून सुटी केलेली नळी डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटे उकळली की तांबडा गंज काळा पडतो. मग तेल काढलेल्या अगदी बारीक, ०००० नंबरच्या स्टील वूलने वरचा सुटा थर अलगद झाडायचा. खड्डे राहतात, पण काळे राहतात, आणि मूळ ब्लूइंगला धक्का लागत नाही. ही १९व्या शतकाचीच युक्ती आहे, फक्त मुद्दाम आणलेल्या गंजाऐवजी आपोआप आलेला गंज कामाला लावलेला. हलक्या डागांना तेवढेही नको. तेलात भिजवलेले तेच स्टील वूल हलक्या हाताने फिरवले तरी पुरते.

तेलाच्या बाबतीत एअर रायफलचे पथ्य बारुदाच्या बंदुकीपेक्षा कडक आहे. पिस्टन सुटला की हवा क्षणात दबते आणि तापते. पेट्रोलियम तेलाचा अंश त्या जागेत पोचला तर तो पेट घेतो, आवाज वाढतो, सील आणि स्प्रिंग बिघडतात. पूर्वीच्या चामड्याच्या सीलला तेल लागायचे. नंतर कृत्रिम सील आले, तरी तेल सोडायची जुनी सवय काही गेली नाही. गंजासाठीचे तेल फडक्यावर घेऊन बाहेरून पुसायचे, दाबलेली हवा नळीत जाते त्या छिद्राकडे फवारा मारायचा नाही. १९५० च्या दशकात एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत धातूच्या वस्तूंसाठी सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झाले. हाताच्या घामापुढे ते पातळ तेलापेक्षा जास्त टिकते आणि छिद्रात ओघळत नाही.

अलीकडच्या रायफलींनी प्रश्नच थोडा बदलला आहे. हवा भरून ठेवायच्या रायफलींच्या बाह्यभागात ॲनोडाइझ केलेले, म्हणजे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवलेले, ॲल्युमिनियम भरपूर असते. ते गंजत नाही आणि कोल्ड ब्लू त्याला उपयोगाचा नाही. स्वस्त स्प्रिंग रायफलींच्या नळीवर पुष्कळदा ब्लूइंग नसून काळा रंग असतो. तो पापुद्र्याने निघतो आणि त्याखाली गंज बाजूला पसरत जातो. अशा ठिकाणी उकळणे किंवा बाटली दोन्ही वाया. सुटा रंग काढून, खालचा गंज घासून, पुन्हा रंगच द्यावा लागतो. उडालेल्या जागेची कड नखाने चाचपली की फरक कळतो. रंगाला पायरी लागते, ब्लूइंगला लागत नाही.