बॉम्बे हाय एन्रॉनला विकलेलं नव्हतं

‘नव्वदच्या दशकात सरकारने बॉम्बे हाय एन्रॉन आणि रिलायन्सला विकून टाकलं’ हा मेसेज अजून फिरतोच आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या आठवणी ताज्या असलेल्यांना तो लगेच पटतोही. पण बॉम्बे हाय, म्हणजे १९७४ साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने समुद्रात तेल शोधलेलं क्षेत्र, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीकडेच राहिलं.

करार झाला तो पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या वेगळ्या क्षेत्रांसाठी, डिसेंबर १९९४ मध्ये, २५ वर्षांसाठी. त्यात ओएनजीसी ४० टक्के, रिलायन्स ३० आणि एन्रॉन ३०. एन्रॉन बुडाल्यावर तिचा हिस्सा २००२ मध्ये ब्रिटनच्या बीजी समूहाने घेतला. २०१६ मध्ये शेलने बीजीच विकत घेतली. हिस्सेदार बदलले, समुद्र कुणाच्या नावावर झाला नाही. राज्यघटनेच्या कलम २९७ नुसार समुद्रतळाखालची खनिजं केंद्राचीच (महाराष्ट्राचीही नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं).

कंपन्यांना मिळाला तो तेल काढण्याचा हक्क. पैसा त्यांनी घालायचा, तेलविक्रीतून आधी खर्च वसूल करायचा आणि उरलेला नफा सरकारबरोबर वाटून घ्यायचा. ओएनजीसीने शोधून ठेवलेली क्षेत्रं खाजगी कंपन्यांना का दिली, वसूल केलेला खर्च खरा किती, हे प्रश्न मात्र रास्तच. खर्चवसुली आणि सरकारच्या वाट्यावरून लवादात वर्षानुवर्षं भांडण चाललं. डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपली आणि पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परत आलं.