मेसा (कॅलिफोर्निया)

शिक्षणात मागे ठेवल्या गेलेल्या मुलामुलींना गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे आणण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे चालवला जाणारा उपक्रम. ‘मॅथेमॅटिक्स, इंजिनिअरिंग, सायन्स अचीव्हमेंट’ या नावातल्या आद्याक्षरांवरून तो ‘मेसा’ म्हणून ओळखला जातो. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातील ओकलंड टेक्निकल हायस्कूलमधल्या २५ विद्यार्थ्यांपासून त्याची सुरुवात झाली. गणिताच्या शिक्षिका मेरी पेरी स्मिथ आणि याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले अभियांत्रिकीचे प्राध्यापक विल्बर सॉमर्टन यांचा त्यात पुढाकार होता.

ओकलंडचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडलेले असते ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षामुळे. तो १९६६ मध्ये तिथेच स्थापन झाला आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने त्याच्यावरूनच नाव घेतले. पक्षाचे सहसंस्थापक ह्यूई न्यूटन याच टेक्निकल हायस्कूलमधून १९५९ मध्ये बाहेर पडले. शाळा संपली तेव्हा आपल्याला धड वाचताही येत नव्हते, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

अमेरिकी शाळांत गणिताचे विषय एकापाठोपाठ एक घ्यावे लागतात: बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित, मग कलनाची (कॅल्क्युलसची) पूर्वतयारी आणि शेवटी कलन. साधारणपणे आठवीत बीजगणित घेतलेला विद्यार्थी बारावीत कलनापर्यंत पोचतो. नववी-दहावीत अंकगणिताच्याच उजळणीत ठेवलेल्या मुलाला अभियांत्रिकीचे दार बंद होते, आणि तेही कुणी त्याला नापास न करता. म्हणून मेसाचे खरे काम कौतुकाच्या भाषणांपेक्षा विषयांच्या वेळापत्रकात आहे. मूल योग्य वर्षी योग्य गणित घेते आहे ना, हे तिथे पाहिले जाते. त्याच्या जोडीला शिकवणी, गटाने अभ्यास, विद्यापीठाच्या भेटी आणि पालकांशी बोलणे असते.

‘मेसा डे’ या स्पर्धांत मुले पूल, ग्लायडर वगैरे बनवतात. उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर पळणारी गाडी त्यांतली विशेष गमतीची. सापळ्याच्या पट्टीला दांडा जोडून त्याच्या टोकाचा दोरा चाकांच्या आसावर गुंडाळतात. दांडा लांब असेल तर ओढ कमी, पण गाडी दूर जाते. आखूड असेल तर ती झपाट्याने सुटते आणि लवकर थांबते. तरफेचा नियम फळ्यावर येण्याआधी हातांना कळतो.

गटाने अभ्यास का महत्त्वाचा, हे बर्कलीतच दिसून आले. १९७०च्या दशकात तिथे गणिताचे अभ्यासक यूरी ट्राइजमन यांनी कलनात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. कष्टाची तयारी नाही, घरचा पाठिंबा नाही, ही नेहमीची कारणे टिकली नाहीत. ही मुले नेमाने अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी-अमेरिकी मुले मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्राइजमन यांनी उजळणीवर्ग न काढता कठीण गणितांच्या गटकार्यशाळा सुरू केल्या. दुबळ्या विद्यार्थ्याला सोपे काम द्यावे या समजुतीला हा चांगलाच धक्का होता.

पुढे मेसा इतर राज्यांतही पसरला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०९ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला आणि सरकारी शिक्षणसंस्थांना वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास मनाई झाली. त्यानंतर मेसाने शैक्षणिक वंचितता हा निकष धरला. कागदावर हा बदल छोटा दिसतो. पण वंशभेदामुळे मागे राहिलेल्या मुलांसाठी निघालेल्या उपक्रमाला वंशाचे नाव न घेता ती मुले शोधावी लागली.

अशा उपक्रमांचे मोजमाप अवघड असते. मेसात येणारी मुले बहुधा आधीच थोडी उत्सुक असतात किंवा एखाद्या शिक्षकाच्या नजरेत भरलेली असतात. त्यामुळे त्यांच्या यशातला उपक्रमाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. शिवाय ज्या शाळेत बीजगणित शिकवणारा चांगला शिक्षकच नाही, तिथे शाळा सुटल्यावरचे दोन तास पुरे पडत नाहीत.