अनवट नियमप्रसंग (बास्केटबॉल पंच-प्रशिक्षण)

बास्केटबॉलच्या सामन्यात क्वचित उद्भवणाऱ्या, पण उद्भवल्यावर पंचाला काही क्षणांत निर्णय द्यावा लागणाऱ्या प्रसंगांचा नवोदित पंचांकडून करून घेतला जाणारा अभ्यास. रिंग आणि बोर्ड यांच्यामध्ये चेंडू अडकून बसणे, खेळाडूने आपल्याच संघाच्या बास्केटमध्ये चेंडू टाकणे, द्यायचे फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे, कोणी न अडवता घ्यायचे शॉट) राहून जाणे, पाच फाऊल होऊन एकेक जण बाहेर गेल्याने संघात एकच खेळाडू उरणे, असे हे प्रसंग.

पुण्यात बास्केटबॉल रुजलेला आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यासारख्या जुन्या संस्था, महाविद्यालयांची मैदाने आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल ही त्याची ठळक ठिकाणे. नवा पंच मात्र शिटी हातात घेतो ती बहुधा शालेय सामन्यात. या प्रशिक्षणाचे महत्त्व इथेच आहे. वरच्या पातळीवरचे खेळाडू नियम जाणून खेळतात, त्यामुळे तिथे विचित्र प्रसंग कमी येतात. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या सामन्यात ते जास्त येतात, आणि नेमके तिथेच सर्वांत नवे पंच उभे असतात.

मध्यंतरानंतर संघांच्या बाजू बदलतात. एखादी मुलगी हे विसरते, चेंडू मिळताच धावत सुटते आणि आपल्याच संघाच्या बास्केटमध्ये सुरेख ले-अप टाकते. प्रेक्षक हसतात, प्रशिक्षक कपाळावर हात मारतो आणि कोर्टशेजारच्या टेबलवर नोंदी ठेवणारा गुणलेखक पंचाकडे पाहतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिबाच्या) नियमांनुसार चुकून झालेली ही बास्केट ग्राह्य धरतात. २ गुण विरुद्ध संघाला मिळतात आणि त्या संघाच्या कोर्टवरील कर्णधाराच्या नावे लिहिले जातात. तेच कोणी जाणूनबुजून केले, तर तो नियमभंग ठरतो आणि गुण मिळत नाहीत. दोन्ही संघच उलट्या दिशेने खेळू लागले असतील, तर लक्षात येताच खेळ थांबवून दिशा सुधारायची; तोवरचे गुण, फाऊल आणि गेलेला वेळ मात्र कायम राहतो. शिकणाऱ्यांना हे शेवटचे पटकन पटत नाही. सगळे पुसून पुन्हा सुरू करावे, असे त्यांना वाटते.

उत्तरे पाठ करून घेण्यापेक्षा प्रश्नांचा क्रम अंगवळणी पाडणे ही चांगल्या प्रशिक्षणाची खूण. चेंडू लाइव्ह (खेळात) होता की डेड (खेळाबाहेर)? ताबा कोणाचा होता? घड्याळ चालू होते की बंद? खेळ कुठून सुरू करायचा? या क्रमाने गेले की कोड्यासारखे वाटणारे बरेच प्रसंग सरळ होतात. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर झाडाची फांदी आत झुकलेली असते. शॉट त्या फांदीला लागून बास्केटमध्ये गेला तर? नियमपुस्तकात झाडाचे नाव नसले, तरी कोर्टच्या वर असलेल्या कोणत्याही वस्तूला लागलेला चेंडू बाद, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स, एवढे स्पष्ट लिहिलेले आहे. फांदीला लागताच चेंडू डेड झाला, म्हणून गुण नाहीत. थ्रो-इन, म्हणजे सीमारेषेबाहेरून आत टाकलेला चेंडू, थेट बास्केटमध्ये गेला तरी गुण का नाहीत, तेही असेच उलगडते: थ्रो-इन हा शॉटच नव्हे.

चेंडू रिंग आणि बोर्डच्या मध्ये अडकला की ती जंप बॉलची स्थिती. प्रत्यक्ष जंप बॉल, म्हणजे दोन खेळाडूंमध्ये वर उडवलेला चेंडू, फक्त पहिल्या क्वार्टरच्या आरंभी होतो. त्यानंतर पुढची पाळी कोणाची हे दाखवणारा टेबलवरचा बाण ज्याच्या बाजूने असेल, त्या संघाला थ्रो-इन मिळतो. बाण आक्रमक संघाकडे असेल, तर शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत मोजणारे घड्याळ) १४ सेकंदांवर येते, कारण चेंडू रिंगला लागलेला आहे. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी चेंडू घट्ट धरून ठेवल्यामुळे बाण पाहावा लागला आणि चेंडू आधी ताबा असलेल्या संघाकडेच राहिला, तर उरलेलेच सेकंद मिळतात. वरून सारख्या दिसणाऱ्या या दोन प्रसंगांत नवखा हमखास अडखळतो, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून शिकवावेत.

सर्वांत अवघड भाग सुधारता येण्याजोग्या चुकांचा. एका क्वार्टरमध्ये संघाचे ४ फाऊल झाले की पुढच्या बचावात्मक फाऊलला २ फ्री थ्रो. टेबलवर मोजणी चुकली आणि फ्री थ्रोऐवजी थ्रो-इन दिला गेला, असे समजा. ही चूक केव्हापर्यंत दुरुस्त करता येते? चुकीनंतर घड्याळ सुरू होते, मग चेंडू पहिल्यांदा डेड होतो, आणि तो पुन्हा लाइव्ह होईपर्यंत दार उघडे असते. थ्रो-इनच्या वेळी चेंडू टाकणाऱ्याच्या हाती देताच तो लाइव्ह होतो, म्हणजे तेवढ्याने दार बंद. शिवाय थ्रो-इन मिळालेल्या त्याच संघाने दरम्यान बास्केट केली असेल, तर चूक सोडून द्यायची. हा नियम नुसता वाचून कोणालाही कळत नाही. कोर्टवर पाच जणांना उभे करून, एकाने घड्याळ हाती धरून, प्रसंग टप्प्याटप्प्याने चालवला की तो समजतो. पुस्तक इंग्रजीत असले, तरी ही चर्चा मराठीत व्हावी, कारण नियमामागचे कारण आपल्या भाषेत सांगता आले तरच ते पंचाला कळले, असे म्हणता येते.

एखाद्या संघाचे कोर्टवर खेळण्यास सज्ज असे दोनपेक्षा कमी खेळाडू उरले, तर तो संघ सामना गमावतो. समोरचा संघ पुढे असेल तर आहे तोच गुणफलक कायम, नाही तर २-० अशी नोंद.

काही प्रसंग पुस्तकात सापडतच नाहीत. जुलैतली सर अचानक येते, कुत्रे कोर्टवर शिरते. नियमात न आलेल्या मुद्द्यावर निर्णय देण्याचा अधिकार प्रमुख पंचाला, म्हणजे क्रू चीफला, दिलेला आहे. हा अधिकार वापरण्याआधी सहकारी पंचाशी आणि टेबलशी बोलायला शिकवणे आवश्यक. जेम्स नायस्मिथ यांच्या १८९१ च्या मूळ १३ नियमांतही दोन अधिकारी होते, एक खेळाडूंवर लक्ष ठेवणारा आणि दुसरा चेंडूवर. एकाच जोडी डोळ्यांना सगळे दिसत नाही हे तेव्हाच मान्य झाले होते.

या प्रशिक्षणाचा अतिरेक घातक ठरतो. कोड्यांतच रमलेला नवा पंच सामन्यात कोडी शोधू लागतो आणि डोळ्यांसमोरचा ट्रॅव्हल (चेंडू हातात घेऊन नियमाबाहेर टाकलेली पावले) त्याच्या नजरेतून सुटतो. पाय, हात आणि जागा पाहण्याची सवय आधी पक्की व्हावी, अनवट प्रसंग त्यानंतर.

निर्णय दिल्यावर तो प्रशिक्षकाला एका वाक्यात सांगता यावा: ‘सर, बॉल फांदीला लागला, तिथेच डेड झाला, थ्रो-इन त्यांचा.’ लांबलेले स्पष्टीकरण वाद वाढवते. तरीही संघाचे समाधान झाले नाही, तर सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत त्याला निषेध नोंदवता येतो. त्या वेळी टेबलवरचा गुणतक्ता आणि पंचाला आठवणारा घटनाक्रम जुळला पाहिजे. म्हणून खेळ थांबला तेव्हा घड्याळ किती होते आणि बाण कोणाकडे होता, हे पुन्हा शिटी वाजवण्याआधी टेबलकडून लिहून घ्यायला नव्या पंचाला सांगतात.