कंदीलपुष्प : लागवड आणि संवर्धन

कंदीलपुष्प : (खरपुडी, खर्चुडी, खंतुडी, हमण, कुल – ॲपोसायनेसी, पूर्वीचे रुई कुल). सेरोपेजिया या प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील) वनस्पतींचे मराठीतील सर्वसाधारण नाव. फुलाचा तळ फुगीर, त्यावर अरुंद नळी आणि टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्यांचा पिंजरा अशी रचना असल्यामुळे जुन्या काचेच्या कंदिलाची आठवण होते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रजातीचे वर्णन केले. रूढ अर्थाने तिच्यात दोनशेच्या आसपास जाती असून त्या कॅनरी बेटांपासून आफ्रिका, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत आढळतात. २०१७ मध्ये काही अभ्यासकांनी स्टेपेलिया, ब्रॅकिस्टेल्मा यांसारख्या जवळच्या प्रजाती हिच्यातच मिळवल्या. तो हिशेब धरला तर संख्या सातशेच्या आसपास जाते. महाराष्ट्रात मात्र अभ्यासक आणि वनखाते अजून जुन्याच अर्थाने बोलतात, आणि ही नोंदही त्याच अर्थाने आहे.

भारतातील जातींपैकी बहुतांश सह्याद्रीच्या आश्रयाने वाढतात आणि त्यांतल्या कित्येक फक्त महाराष्ट्रातच सापडतात. त्यांचे प्रदेश कधी एवढे लहान असतात की एखादा डोंगर, एखादा घाट किंवा एखादे पठार म्हणजेच त्या जातीचे सगळे जग. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून जिचे नाव पडले ती सेरोपेजिया अंजनेरिका, जुन्नरच्या परिसरातली रोली, सिंहगड-पुरंदर भागातली मॅक्कॅनी, महाड-वरंध बाजूच्या कड्यांवर लोंबणारी हुबेरी, हरिश्चंद्रगडावरची लॉआय, पाचगणीच्या नावाची पंचगणीएन्सिस ही काही उदाहरणे. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर जैनीआय आणि विंकीफोलिया या जाती दिसतात. कोकणातील सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गवतात मिसळून वाढणारी, गवतासारख्याच अरुंद पानांची अटेन्युएटा त्या मानाने बरीच पसरलेली आहे. गोवा आणि उत्तर कन्नडच्या पट्ट्यात फँटास्टिका आढळते.

या नावांमध्ये सह्याद्रीच्या वनस्पतिशास्त्राचा इतिहासच बसला आहे. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी लॉ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मॅक्कॅन, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव, पुण्याचे प्रा. महाबळे, प्रजातीचा १९५७ साली मोठा आढावा घेणारे हुबर अशा अनेकांची नावे या झाडांना मिळाली. एम. वाय. अन्सारी यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागात राहून अनेक जातींचे वर्णन केले आणि १९८४ मध्ये भारतीय जातींचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतरची मोठी भर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. अंजनेरिका, मोहनरामी, कोंकणेन्सिस या जाती या शतकात नोंदल्या गेल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत नावही नसलेली झाडे लगेचच दुर्मिळांच्या यादीत बसली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जीवनक्रम. लागवड करणाऱ्याची सगळी परीक्षा या वनस्पतीच्या वर्षचक्रात आहे. बहुतेक सह्याद्री-जातींचा जीव जमिनीखालच्या चपट्या गोल कंदात असतो. काहींत कंदाऐवजी जाड मुळांचा झुबका असतो. मृगाच्या सरी पडल्या की कंदातून कोवळा कोंब वर येतो. काही जाती सरळ उभ्या वाढतात, काही शेजारच्या झुडपाला वेढे घालत वर चढतात. फुले जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, क्वचित ऑक्टोबरातही येतात. फळ म्हणजे शिंगांसारख्या दोन लांब शेंगा. त्या सुकून उकलल्या की रेशमी केसांचा झुपका असलेले चपटे बी रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर जाते. पावसाळा सरला की वरचे खोड वाळून नाहीसे होते आणि कंद सात-आठ महिने जमिनीत निजून राहतो. उन्हाळ्यात त्याच जागी उभे राहिले तरी तिथे काही आहे, हे कळायचा मार्ग नाही. रस्ता रुंद करणारा कंत्राटदार उन्हाळ्यातच येतो.

परागण. फूल हा एक तात्पुरता तुरुंग आहे. वासाने ओढलेल्या बारीक माश्या पिंजऱ्याच्या फटींतून आत शिरतात. नळीच्या आतले केस खाली वळलेले असल्याने आत जाणे सोपे, बाहेर येणे अवघड. माशी तळाच्या फुगीर भागात अडकते, तिथे मधुरस चाखते, आणि त्या धडपडीत परागकणांची जोडगोळी, म्हणजे परागपिंड, चिमट्याप्रमाणे तिच्या सोंडेला चिकटते. एक-दोन दिवसांत केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात फसली तर परागण होते. वास कसला असावा याचे नवल वाटण्याजोगे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर २०१६ मध्ये मिळाले. हल्ला झालेल्या मधमाशीच्या अंगातून जी द्रव्ये सुटतात, त्यांची नक्कल हे फूल करते. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीवर ताव मारायला येणाऱ्या डेस्मोमेटोपा माश्या त्याला फसतात. सह्याद्रीतल्या प्रत्येक जातीच्या माश्या याच असतील असे नाही. पण विशिष्ट फुलाला विशिष्ट माशी लागते, एवढे मानून चालावे लागते. म्हणूनच नैसर्गिक अवस्थेतही शेकडो फुलांमागे शेंगा थोड्याच धरतात.

लागवड. कंदीलपुष्प उगवणे अवघड नाही. टिकवणे अवघड आहे. ताजे बी ओलसर, निचऱ्याच्या मातीत पेरले तर ते सहसा आठवड्या-पंधरवड्यात रुजते. बी जितके जुने होते तितकी उगवण घटते. म्हणून शेंग उकलण्याच्या बेतात असताना तिच्याभोवती पातळ मलमलीची पिशवी बांधून बी धरतात, नाहीतर सकाळी पाहिलेली शेंग दुपारी रिकामी. माती शक्यतो मूळ जागेसारखी हवी: जांभ्याची किंवा बेसाल्टची बारीक खडी, थोडी पालापाचोळ्याची माती, खाली खापरांचा थर. शेणखत जास्त झाले तर वेल माजतो आणि कंद सडतो.

रोप पहिल्या पावसाळ्यात बहुधा फुलत नाही, कारण मिळालेले सगळे अन्न ते कंद पोसण्यात घालवते. खरी अडचण नोव्हेंबरानंतर सुरू होते. पान पिवळे पडले की माणूस घाबरतो आणि पाणी वाढवतो. याच प्रेमाने सर्वाधिक कंद मरतात. वरचा भाग वाळला की पाणी तोडायचे, कुंडी सावलीत, उंदरांपासून दूर ठेवायची आणि मे महिनाअखेरपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. अगदी कोरड्या हवेत लहान कंद सुरकुततात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या रोपांना क्वचित शिंतोडा चालतो. शाखीय वाढीसाठी, म्हणजे बियांशिवाय रोप करण्यासाठी, काही जातींत खोडाचे छाटे लावता येतात; छाट्याला आधी पेराशी लहान कंद धरला तरच पुढचा पावसाळा दिसतो.

कुंडीत फूल येते, शेंग मात्र येत नाही, हा सर्वांचा अनुभव. शहरात ती माशी नसते. हाताने परागण करायचे तर भिंगाखाली सुईच्या टोकाने परागपिंड उचलून दुसऱ्या फुलातील अगदी बारीक खाचेत बसवावा लागतो. ते रुईच्या मोठ्या फुलावर शिकावे आणि मग इथे हात घालावा.

एखाद्या जातीची रोपे झटपट हजारोंनी हवी असतील तर टिश्यू कल्चर हा मार्ग आहे. खोडाच्या पेरांपासून रोपे करण्याच्या पद्धती महाराष्ट्रातील प्रयोगशाळांनी पंचगणीएन्सिस, अटेन्युएटा, इव्हान्सी अशा जातींसाठी बसवल्या आहेत. काचेच्या बाटलीतच कंद धरवणे, एवढेच काय फुलवणेही जमले आहे. मात्र एका पेरापासून केलेली हजार रोपे ही जनुकीय दृष्ट्या एकच रोप असते. बाटलीतून डोंगरावर नेताना हा मुद्दा विसरला जातो, कारण अहवालात रोपांची संख्याच शोभून दिसते.

बागेतले जतन. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला केंद्राच्या पर्यावरण खात्याने प्रमुख वनस्पती उद्यान म्हणून आधार दिला, आणि तिथे कंदीलपुष्पांचा देशातील एक महत्त्वाचा संग्रह उभा राहिला. वेगवेगळ्या डोंगरांवरच्या जाती एकाच छताखाली वाढवणे अभ्यासाला सोयीचे असते. त्यात एक धोकाही असतो. भारतीय जातींपैकी बहुतेकांच्या गुणसूत्रांची संख्या २२ आहे आणि शेजारी ठेवलेल्या जातींत संकर होऊ शकतो. बागेतल्या शेंगेचे बी शुद्धच असेल याची खात्री परागण आपल्या हाताने केल्याशिवाय देता येत नाही. असे बी अंजनेरीवर किंवा हरिश्चंद्रगडावर टाकणे म्हणजे हजारो वर्षांत वेगळ्या झालेल्या वंशात एका दुपारी मिसळ करणे. म्हणून प्रत्येक कुंडीवर जातीच्या नावाबरोबर बी कोणत्या डोंगरावरून आणले तेही लिहिलेले हवे. ते नसेल तर ती कुंडी शोभेची. संवर्धनाच्या खात्यात ती धरू नये.

अधिवासातील धोके. कंद पिष्टमय आणि खाण्याजोगा असतो. गुराखी पोरे पूर्वापार तो उकरून कच्चा खातात. हिर्सुटा जातीच्या कंदाला काही भागांत हनुमान बटाटा म्हणतात. साळिंदर आणि रानडुकरेही त्याच्या मागावर असतात. पण या खाण्याने जाती संपल्या असे म्हणणे गुराख्यांवर अन्याय आहे. शतकानुशतके खाऊनही त्या उरल्या होत्या. अलीकडचे नुकसान निराळ्या प्रकारचे आहे: घाटरस्त्यांचे रुंदीकरण आणि दरडी छाटणे, कोकणच्या सड्यांवरील चिरेखाणी आणि आंबा-काजूच्या लागवडीसाठी होणारे सपाटीकरण, साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्यांचे रस्ते, पावसाळी पर्यटकांची तुडवातुडव. कड्यावर लोंबणारी जात गुरांपासून आणि माणसांपासूनही वाचते, पण दरड कोसळू नये म्हणून केलेल्या छाटणीतून आणि जाळीतून वाचत नाही.

अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते. चैत्रातील हनुमान जयंतीला मोठी गर्दी होते, पण त्या वेळी कंद जमिनीत झोपलेला असल्याने त्या यात्रेचा उपद्रव थेट कमी पोचतो. श्रावणातले डोंगरभटके थोडे असले तरी ते नेमके फुलोऱ्यात येतात. अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याच्या प्रस्तावाला नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, तो इथल्या गिधाडांइतकाच या झाडासाठी होता.

चराईचा प्रश्न मात्र एका वाक्यात सुटणारा नाही. गुरे कोंब खातात हे खरे. गुरे बंद केली तर गवत माजते आणि त्याखाली उभ्या वाढणाऱ्या लहान जाती गुदमरतात, हेही खरे. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले. तिथे घातलेल्या कुंपणामुळे चराई थांबली आणि फुले उलट घटली, असा आक्षेप स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी घेतला. पुढे ते कुंपण काढण्यात आले. फुलोरा संपेपर्यंत, म्हणजे साधारण दसऱ्यापर्यंत गुरे लांब ठेवायची आणि मग सोडायची, ही अनेक गावांतली जुनी गवत राखण्याची रीत होती. तिचे श्रेय संवर्धनाच्या पुस्तकांत अभावानेच दिसते. वणव्याचेही असेच: कंद खोल असेल तर आग वरून जाते, पण डिसेंबरनंतर वाऱ्यावर पडलेले बी मात्र जळते.

पुनर्रोपण आणि कायदा. वाढवलेली रोपे पुन्हा डोंगरावर लावण्याचे प्रयोग विद्यापीठे आणि वनखाते यांनी केले आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला, कंद किमान सुपारीएवढा झाल्यावर आणि त्याच डोंगराच्या बियांपासून केलेले रोप असेल तर ते तग धरण्याची शक्यता बरी असते. यश मोजायचे ते लावलेल्या रोपांवर नव्हे. तीन-चार पावसाळ्यांनंतर तिथे शेंगा धरल्या का आणि न लावलेली नवी रोपे दिसतात का, हे पाहावे लागते. अनेक प्रकल्पांचा निधी त्याआधीच संपतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१ मधील दुरुस्तीने आलेल्या सहाव्या अनुसूचीत देशभरातून अवघ्या सहा वनस्पती होत्या: बेडोमचा सायकस, निळी आणि लाल वांडा, लेडीज स्लिपर ऑर्किड, कुठ आणि घटपर्णी. एकाही कंदीलपुष्पाचे नाव तीत नव्हते. राखीव वनातून कंद उपटणे वन कायद्याने गुन्हा ठरतो, पण कोकणातले पुष्कळ सडे खासगी मालकीचे आहेत, आणि तिथे मालक स्वतः जपेल तेवढेच जतन.

समाजमाध्यमांवर फुलाच्या छायाचित्राबरोबर नेमकी जागा टाकण्याची पद्धत वाढल्यापासून अभ्यासक आता फक्त तालुका किंवा जिल्हा लिहितात. ज्याला कंदीलपुष्प घरी हवेच असेल त्याच्यासाठी रोपवाटिकांत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाने मिळणारी सेरोपेजिया वुडी आहे. ती मूळची आफ्रिकेतली असली तरी शंभर टक्के कंदीलपुष्पच, आणि कुंडीत सहज वाढते. देशीच हवी असेल तर महाराष्ट्र-गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागांत विस्ताराने आढळणारी बल्बोसा बियांपासून लावावी. डोंगरावरून कंद आणून लावलेली दुर्मिळ जात कुंडीत जगलीच, तरी त्या डोंगराच्या हिशेबात ते एक झाड कमीच झालेले असते.