वनस्पतिउद्यानातील कलाप्रदर्शन

वनस्पतिउद्यानात नोंदवलेल्या, नामफलक लावलेल्या झाडांच्या सोबतीने चित्रे, शिल्पे किंवा मांडणशिल्पे (जागेला धरून वस्तू मांडून केलेल्या कलाकृती) ठरावीक मुदतीसाठी मांडण्याची पद्धत. कायमस्वरूपी शिल्पबाग हा वेगळा प्रकार. लंडनच्या क्यू उद्यानात मेरिअन नॉर्थ यांच्या वनस्पतिचित्रांचे दालन १८८२ पासून आहे. तिथेच २००५ मध्ये डेल चिहुली यांची काचशिल्पे झाडांमध्ये मांडली गेली. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान अशा मांडणीला साजेसे आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगचित्रकारांमुळे इथल्या प्रेक्षकाला निसर्गचित्र पाहायची सवयही आहे.

पावसाळ्यात कागद आणि प्लाय टिकत नाहीत, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस निवडतात. पण नाशिकच्या थंडीत दहिवर भरपूर पडते. रात्रभर उघड्यावर राहिलेली फ्रेम सकाळी पाहिली तर काचेच्या आतून थेंब धरलेले असतात, कागदाला लाटा आलेल्या असतात आणि खालच्या कडेला रंगाची पुसट रेघ उतरलेली असते. संग्रहालयात जलरंगावर ५० लक्सच (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश ठेवतात. भर उन्हात तो एक लाखाच्या आसपास जातो. त्यामुळे मूळ चित्र छपराखाली आणि बाहेर त्याची छापील प्रत, हाच मार्ग योग्य. बाहेर फ्रेम लावायचीच असेल तर काच आणि कागदात किमान ५ मिमी पोकळी ठेवावी, मागे हवेला वाट द्यावी आणि संध्याकाळी ती उतरवावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे स्प्रिंकलर चालू राहिले तर काचेवर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात; ते पुसताना ओरखडे उठतात.

झाडाला खिळा कधीही मारू नये. सालीखालीच अन्न वाहून नेणारा आणि खोड वाढवणारा जिवंत थर असतो. जखमेतून बुरशी आणि कीड शिरते. हलक्या वस्तूसाठी ५ सेंमी रुंद सुती पट्टा वापरावा, बारीक तार नको. फांद्यांच्या घेराखाली पाया खणू नये, कारण अन्नपाणी शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या ३०–४५ सेंमी मातीतच असतात. शिल्प पसरट लोखंडी बैठकीवर ठेवून वाळूच्या गोण्यांनी दाबावे. बैठक काळ्या मातीत कलते. मुरमावर स्थिर राहते. तांब्याच्या शिल्पावरून ओघळणारे पाणी शेवाळ आणि नाजूक रोपांना मारक ठरते. आरसे लावल्यास पक्षी धडकतात.

चित्राची पाटी झाडाच्या नामफलकाजवळ लावू नये. वाचणारा चित्राचे नाव झाडाला देऊन मोकळा होतो.

प्रदर्शन उतरवताना तुडवलेली माती हातकुदळीने अलगद सैल करून पालापाचोळा पसरावा आणि पट्टे मोजून परत घ्यावेत. विसरलेला एखादा पट्टा वाढत्या खोडात वर्षा-दोन वर्षांत रुतून बसतो.